मॅक्सीनची पर्स

पाइन फोर्क, मिसुरी
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

प्रिय कोरीन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. फोन हाताशी असताना ही म्हातारी कागद-पेन घेऊन का बसली, असंच म्हणशील. मला फोनवर नीट बोलता येत नाही, बाई. पलीकडचा माणूस नुसता 'हं, हं' करत राहतो आणि सांगायचं ते सोडून आपण भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवतो. शिवाय आज जे सांगायचंय ते तू मध्येच तोडशील याची मला धास्ती आहे. एकदा तोडलंस की मला पुन्हा सुरू करायला जमणार नाही. तेव्हा कॉफीचा मग घे, पाय वर करून बस आणि ओळीने वाच. लहानपणी तू गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायचीस, ते मी विसरलेले नाही. तसलं काही करू नकोस.

इकडे बरं चाललंय. यंदा काळ्या अक्रोडांचा अंगणात नुसता सडा पडलाय. सोलून सोलून बोटं अशी काळी झालीत की मागच्या रविवारी चर्चमध्ये हातमोजे घालून बसले, आणि पाद्रीबाईंना वाटलं माझी तब्येत बरी नाही. गुडघा पुष्कळ सुधारला. जिना चढते, उतरताना तेवढं देवाचं नाव घ्यावं लागतं. गुरुवार आला की हात अजून आपोआप मोठ्या पातेल्याकडे जातो. तुझी आई आणि मी दर गुरुवारी बीन्स आणि मक्याचा पाव खायचो, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे, आणि जेवता जेवता गावातल्या प्रत्येकाची उणीदुणी काढायचो. मॅक्सीनला जाऊन अजून तीन महिनेही झाले नाहीत. कुणाची तरी मजेदार फजिती दिसली की मी अजून मनातल्या मनात म्हणते, हे गुरुवारी सांगायचं हं.

आता मुद्द्यावर येते. केलर नावाच्या तरुण वकिलाचा तुला फोन आला होता, हे मला ठाऊक आहे. तू त्याला काय सांगितलंस तेही त्याने मला सांगितलं. 'माझ्या आईने जन्मात पिस्तूल हातात धरलं नाही. ती पर्स माझ्या आईची असूच शकत नाही.' तू खोटं बोलली नाहीस. जे खरं मानत होतीस तेच सांगितलंस. पण तुझ्या त्या बोलण्याने त्या केलरची अशील डार्सी अडकलीय, आणि ती सुटावी म्हणून मी हा खटाटोप करतेय. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मागाहून तुला वाटायला नको की म्हातारीने गोड बोलून गळ टाकला.

डार्सी तुला आठवणार नाही. तू गाव सोडलंस तेव्हा ती बाळ असेल. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दोन वर्षांचं पोर आहे, पोराचा बाप असून नसल्यासारखा. सप्टेंबरात चर्चचा जुन्या वस्तूंचा बाजार भरला. आईचं कपाट रिकामं करून तू जी खोकी चर्चला दिलीस ती सगळी त्यात मांडली होती. डार्सीच्या नजरेत ती पर्स भरली. खरं चामडं, पितळी कड्या, झाकणावर ओकचं पान उमटवलेलं. अशी वस्तू त्या पोरीच्या हाती एरवी कधी लागायची? त्या दिवसापासून पोराचे डायपर, दुधाची बाटली, घराच्या किल्ल्या, सगळा संसार तिने त्यात कोंबला आणि रोज खांद्याला लावून शाळेत जाऊ लागली. तिथे स्वयंपाकघराच्या दाराशी एक खुंटी आहे, तिच्यावर टांगायची.

एक दिवस खुंटीवरून पर्स निसटली आणि फरशीवर धप्पकन पडली. मुख्य स्वयंपाकीण मिसेस टॅकेट, तिने ती उचलली आणि म्हणाली, 'काय गं, विटा वाहतेस की काय?' डार्सी म्हणाली, 'अहो, खरं चामडं जडच असतं.' तिची तशीच समजूत होती बिचारीची, आणि त्या वजनाचा तिला अभिमानही होता. मिसेस टॅकेटने बाजू चाचपली तर आत काहीतरी टणक. कुणा म्हातारीने दागिने दडवलेत की काय म्हणून दोघी हसत हसत शोधायला लागल्या. उघडायची जागाच सापडेना. शेवटी अस्तराच्या घडीखाली मिसेस टॅकेटचं बोट गेलं आणि आतून रिव्हॉल्व्हर निघालं. छोटंसंच, पण पाचही काडतुसं भरलेली. मग नियमाप्रमाणे जे व्हायचं ते झालं. मुलांना वर्गात कोंडलं, शेरीफची गाडी आली, आणि डोक्यावर केस झाकायची जाळी तशीच असताना डार्सीला बेड्या घालून नेलं. तिसरीतल्या पोरांनी खिडकीतून पाहिलं. रोज त्यांना जास्तीचे बटाटे वाढणारी हीच बाई.

दोषी ठरली तर पुन्हा कुठल्याही शाळेच्या स्वयंपाकघरात तिला पाय ठेवता येणार नाही. तिकडे पोराच्या बापाची आई टपूनच बसलीय. किराण्याच्या दुकानात रांगेत उभी राहून सगळ्यांना ऐकवते, 'तुरुंगात जाणाऱ्या बाईकडे माझा नातू ठेवायचा का? मी नाही बाई ठेवणार.' डार्सी परवा माझ्याकडे येऊन गेली. रडली वगैरे काही नाही. पोराला मांडीवर घेऊन बसली आणि एकच विचारत राहिली, 'मावशी, मला खरंच ठाऊक नव्हतं हे मी सिद्ध कसं करू?' 

सरकारी वकिलाकडे मी गुडघ्यासकट स्वतः जाऊन आले. म्हटलं, ही पर्स माझ्या हातची आहे, मी मॅक्सीनसाठी शिवली, शिवण माझी, पान माझं. माणूस सभ्य आहे. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, 'व्हर्नाबाई, तुम्ही अर्ध्या काउंटीच्या पर्स शिवल्यात. ओकचं पान त्या सगळ्यांवर आहे. आणि इथे पोटची मुलगी नाही म्हणतेय. मी ज्यूरीला काय सांगू, मुलीचं सोडा आणि शेजारणीचं ऐका?' मला राग आला, पण घरी येईपर्यंत ओसरला. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

माझा हा धंदा तुला कधीच आवडला नाही. एका ख्रिसमसला तू मला विचारलं होतंस, 'मावशी, असल्या पर्स शिवताना तुला काही वाटत नाही?' मी ठसक्यात म्हटलं, मी पर्स शिवते, आत काय ठेवायचं ते ज्याचं त्याने बघावं. उत्तर झकास होतं, पण अर्धंच खरं. आत काय ठेवणार याचं माप घेऊनच तर मी चोरकप्पा शिवते. बाई उजव्या हाताची की डावखुरी, पिस्तूल केवढं, हे विचारल्याशिवाय मी कात्रीला हात लावत नाही. कप्प्यात कडक कवच घालते, चाप पुरता झाकला जाईल असं, म्हणजे कंगवा-किल्ली अडकून बार उडायला नको. कप्पा बाजूने उघडतो, लोहचुंबकावर. एका झटक्यात हात आत, दुसऱ्या झटक्यात बाहेर. बंदुकांच्या मेळ्यात मी हे करून दाखवते तेव्हा पुरुष मंडळीसुद्धा हातातला हॉटडॉग विसरून बघत राहतात. त्याची मला अजून मजा वाटते, खोटं कशाला बोलू?

हे सुरू केलं तेव्हा पिस्तूल लपवून जवळ बाळगायला परवाना लागायचा. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये हॅरलचा दिवसभराचा वर्ग असायचा. हॅरल म्हणजे शेरीफच्या कचेरीतून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, बारीक आवाजाचा तो. सकाळभर नुसता कायदा. कुठे न्यायचं, कुठे नाही, शाळा नाही, कोर्ट नाही, पोलिसाने गाडी थांबवली तर हात कुठे ठेवायचे. दुपारी त्याची बायको सगळ्यांना हॅम सँडविच वाटायची आणि मग नेमबाजी. हॅरलचं एक ठरलेलं वाक्य होतं. 'घरात बंदूक तुझी असते. दाराबाहेर पाऊल टाकलंस की ती सगळ्यांची झाली, कारण आता ती कुणालाही लागू शकते.' त्या वर्गात न्हावी, बँकेतली कॅशियर, मी, सगळे शेजारीशेजारी बसलेले. झाकली मूठ म्हणायची, पण कुणाच्या मुठीत काय ते निम्म्या गावाला ठाऊक असायचं.

मग विधानसभेने परवान्याची सक्ती काढून टाकली. मी खूश झाले, आणि त्यात मला आजही गैर वाटत नाही. शेरीफच्या खिडकीपुढे उभं राहून बोटांचे ठसे द्यायचा मला मनस्वी तिटकारा. पन्नाशी उलटलेली बाई, आयुष्यात कुणाची बोरंसुद्धा चोरली नाहीत, आणि मला म्हणे बोटं शाईत बुडवा. हक्काची गोष्ट आहे तर परवानगी कसली मागायची, असं लाइल मरेपर्यंत म्हणायचा. नवऱ्याचं सगळंच पटायचं असं नाही, पण हे पटायचं. माझा धंदा दुप्पट झाला. हॅरलचा वर्ग ओस पडला. हवा त्याला परवाना अजून मिळतो, दुसऱ्या राज्यात जायचं तर उपयोगी पडतो, पण गावातल्या गावात दिवसभर त्या लोखंडी खुर्चीवर कोण बसणार? आता माझ्या टेबलाशी कोवळ्या पोरी येतात. एकीने आपली जुनी पर्स उघडून दाखवली तर पिस्तूल तसंच सुटं, लिपस्टिकच्या शेजारी. मी तिला तिथेच स्टुलावर बसवलं आणि हॅरलचे सगळे धडे ऐकवले. तिने माझी पर्स काही घेतली नाही, पण ऐकून गेली.

तू म्हणशील, मावशी राजकारण कुठे काढत बसली. राजकारण नव्हे गं. मी त्या परवान्याच्या कार्डाचा विचार करतेय. ज्या कार्डाचा मला एवढा राग, ते माझ्या पाकिटात अजून आहे, मुदत संपलेलं. उद्या मी गेले तर माझी सून पाकीट उघडेल, कार्ड बघेल, म्हणेल, अगंबाई, मग हिची बंदूक कुठंय? आणि घर पालथं घालेल. मॅक्सीनच्या पाकिटात तसं काही नव्हतं, कारण तिला ते लागतच नव्हतं. शोधायला हवं हे तुझ्या डोक्यात येणार तरी कशावरून? तुमच्या मिनेसोटात अजून परवाना लागतो, त्यामुळे तुला हे सुचलंही नसेल. ती पर्स आवरताना तू मला फोन केला होतास. 'मावशी, आईच्या तपकिरी पर्समध्ये अजून पेपरमिंट आहे,' म्हणालीस आणि फोन ठेवलास. ती तपकिरी पर्स हीच. आत हात घालून पाहिलीस, पेपरमिंटची गोळी निघाली, तू ती खोक्यात ठेवलीस. यात तुझं काय चुकलं?

हो, कोरीन. तुझ्या आईकडे पिस्तूल होतं. ती ते घ्यायला गेली तेव्हा मी तिच्यासोबत होते. महामार्गाजवळ शनिवारी बाजार भरतो ना, तिथे एका म्हाताऱ्याने टेबलावर चार-पाच मांडली होती. कायद्याला हवं तेवढंच त्याने विचारलं, 'बाई, तुम्ही याच राज्यातल्या ना?' मॅक्सीन म्हणाली, 'जन्मापासून.' त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. शेजारच्या टेबलावरून तिने पावाला लावायचा भोपळ्याचा मुरंबा घेतला आणि आम्ही घरी आलो. परवान्याचे दिवस असते तर तिने ते कधीच घेतलं नसतं, हे मी छातीठोकपणे सांगते. हॅरलपुढे बसायचं, न्हाव्याने बघायचं, कुणीतरी विचारायचं, 'मॅक्सीन, तुला गं कशाला?' त्यापेक्षा ती मेली असती. मग सक्ती गेली ते तिच्यासाठी बरं झालं की वाईट? हा प्रश्न मी गेले कित्येक दिवस शिवणयंत्रावर बसून स्वतःला विचारतेय. कधी वाटतं, बरं झालं, बाईला रात्रीची झोप तरी लागली. कधी वाटतं, त्या खुर्चीवर बसली असती तर कुणीतरी विचारलं असतं, आणि कदाचित तिने सांगितलं असतं. मला ठरवता येत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये तिचं मनगट मोडलं होतं, आठवतं? बर्फावर घसरले, असं तिने तुला सांगितलं. तू तिकडून बुटांवर चढवायचे ते खिळ्यांचे रबरी तळवे पाठवलेस. ते घालून ती टपालपेटीपर्यंत जायची, कोरड्या ठणठणीत रस्त्यावर टकटक करत. मी हसले तर म्हणाली, 'मुलीने पाठवलेत. घालायला नकोत?' त्या आठवड्यात इथे बर्फ नव्हता, कोरीन. माझ्या कुंपणाशी डॅफोडिल फुलले होते.

तुझा भाऊ रॉडनी तेव्हा घरी परत आलेला होता. लाकूड गिरणीत त्याची पाठ गेली, डॉक्टरने दुखण्यावर औषध दिलं, दुखणं कमी झालं आणि औषधाची ओढ तेवढी उरली, हे तुला माहीत आहे. पण मॅक्सीनने जेवढं गाळून तुझ्यापर्यंत पोचवलं तेवढंच तुला माहीत आहे. तुझ्या वडिलांचं घड्याळ गेलं, गवत कापायचं यंत्र गेलं, स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा गेला. एका सकाळी तिने नाही म्हटलं तेव्हा त्याने तिला फ्रिजला टेकवून धरलं आणि हात पिरगळला. मीच तिला दवाखान्यात नेलं. गाडीत म्हटलं, शेरीफला बोलावू या. ती म्हणाली, 'आणि मग? तो आत जाईल. बाहेर येईल तेव्हा त्याला आई उरणार नाही.' मी खूप बोलले, चिडले, तुला फोन करते म्हणून धमकीही दिली. तिने मला येशूची शपथ घातली. 'कोरीनला कळलं तर ती त्याचं तोंड पाहणार नाही. मी गेल्यावर त्याला कोण आहे?' लेकरावरचा जीव म्हणजे काय चीज असते ते मला कळतं, मीही दोन वाढवलीत. पण त्या दिवशी मला तुझ्या आईचा असा संताप आला होता की विचारू नकोस.

पुढच्याच महिन्यात ते पिस्तूल घेतलं, आणि ते घेऊन ती माझ्याकडे पर्स शिवायला आली. मी नेहमीसारखं माप घेतलं, चामडं निवडलं, लोहचुंबक काढून ठेवला. म्हणाली, 'ते नको. बटणं लाव. तीन. काजं घट्ट ठेव, आणि वरून अस्तराची घडी घाल.' मी म्हटलं, बाई, शुद्धीवर आहेस ना? तीन बटणं सोडेपर्यंत समोरचा तुला दोनदा मारून जाईल. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, 'मला वेळ लागायला हवा, व्हर्ना. दोन्ही हात लागायला हवेत. तेवढ्या वेळात तो मला आई म्हणून हाक मारेल.' मी विचारलं, मग बाळगतेस तरी कशाला? तर म्हणाली, 'जवळ असलं की झोप लागते.' इतकी वर्षं मी झटकन उघडणारे कप्पे शिवले. उशिरा उघडणारा कप्पा मागणारी ती एकटीच. मी तो जीव ओतून शिवला. म्हणून तर तो तुला सापडला नाही आणि डार्सीलाही सापडला नाही. पुढे रॉडनी उपचार घेऊन आला, टायरच्या दुकानात कामाला लागला, रविवारी आईला चर्चला सोडू लागला, तेव्हा मॅक्सीन मला म्हणाली, 'ते मी नदीत टाकलं.' मी विश्वास ठेवला. पण मिसेस टॅकेट सांगते, बटणांच्या काजांत धूळ घट्ट बसली होती. टाकायचं तर कप्पा उघडावा लागला असता, आणि तेवढा तिला धीर झाला नसावा.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. माझ्यावर सोपवलं असतं तर मी शपथ मोडली नसती. डार्सीसाठी दुसरी वाट शोधत राहिले असते. पण मागच्या शनिवारी रॉडनी आला. माझ्या अंगणातले अक्रोड भरून दिले, पायरीवर बसला आणि म्हणाला, 'मावशी, आईला ते कुणासाठी लागत होतं?' मी अक्रोड सोलत राहिले.  सोमवारी तो एकटा सरकारी वकिलाकडे गेला आणि सांगून आला की पर्स आईची, पिस्तूल आईचं, आणि ते आपल्यामुळेच होतं. वकिलाने त्याच्या जुन्या चोऱ्यांची कागदपत्रं पुढे ओढली आणि विचारलं की तुझ्या शब्दावर ज्यूरी विश्वास का ठेवील. रॉडनी परत माझ्याकडे आला. म्हणाला, 'दर रविवारी कोरीनशी बोलतो, दर रविवारी तोंडापर्यंत येतं, आणि मी तिला टायरच्या गोष्टी सांगत बसतो. तू लिही, मावशी. तिला कोर्टात सगळ्यांसमोर ऐकायला नको. घरी बसून वाचू दे, मग मला काय म्हणायचं ते म्हणू दे.' हे पत्र मी लिहिलंय, पण ते त्याचं आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी डार्सीची सुनावणी आहे. तू तिथे येऊन एवढंच सांगायचंस की पर्स आईची होती आणि खोक्यात ती तू ठेवलीस. आईला पिस्तूल का लागलं ते रॉडनी स्वतः सांगणार आहे, न्यायाधीशांनी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. माझ्याकडची मागची खोली मी झाडून ठेवलीय. तो कोर्टात पुढच्या बाकावर बसणार आहे. त्याच्या शेजारची जागा तुझ्यासाठी धरून ठेवू का, तेवढं कळव.

तुझीच,
व्हर्नामावशी